भागीरथाबाईची कड

तिरोडा, १४ सप्टेंबर २०२४

खुशबूच्या पप्पांना,

सलाम. तुम्ही बरे असालच. मागच्या शनिवारी चर्चच्या तरुणांच्या ग्रुपवर तुमचा आवाज चांगला खणखणीत आला. खुशबूने दोनदा लावला, म्हणून मलाही दोनदा ऐकावा लागला. तिकडे ओडिशात, मिशनच्या गावात, टेकडीवर चढल्याशिवाय नेटवर्क मिळत नाही म्हणता. ते ग्रुपवर बोलण्यापुरतंच मिळतं का? घरच्या फोनवर तुमचा आवाज राखी-पोळ्यालाच येतो. बोलायला गेलं की तुम्ही म्हणता, “चला, प्रार्थना करू या,” आणि आमेन झालं की ठेवून देता. पत्र तसं ठेवून देता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही आपल्या मुलांना सांगितलंत, चर्चच्या भिंतीबाहेर पाय टाका. ज्याच्याकडून परत काही मिळणार नाही असा एक माणूस शोधा आणि त्याची सेवा करा. शब्द चांगले आहेत. तुमचे शब्द नेहमीच चांगले असतात. ते ऐकत मी संसार केला आहे.

तर मुलांनी माणूस शोधला. चर्चच्या मागच्या गल्लीत कालव्याकडे एक भागीरथाबाई म्हणून म्हातारी राहते. पोळ्याच्या आदल्या दिवशी न्हाणीत पडली आणि खुबा मोडला. गोंदियाच्या डॉक्टरने सांगितलं, या वयात ऑपरेशन झेपणार नाही. तेव्हापासून खाटेवर आहे. मूलबाळ नाही. पुतण्या मनिराम त्याच अंगणात पुढच्या घरात राहतो, दाराशी भाताची थाळी ठेवतो आणि कामाला जातो.

तुमचे वीर चौघं गेले. बंटीने बॅनर छापून आणला, ‘ख्रिस्ती तरुण संघ, सेवा सप्ताह’. रुचीने केळी घेतली. पिंटू मोबाईल धरून पुढे. म्हातारीने डोळे उघडले तर समोर बॅनर. तिने जो तोंडाचा पट्टा सोडला तो अर्ध्या गल्लीने ऐकला.

“कोणं बोलावलं रे तुमाले? मी का मेली अजून, ते फोटो काढून राहिले?”

आणि केळी फेकून मारली. पिंटूला लागली. बरं झालं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. दुसऱ्या दिवशी तुमची मुलगी एकटी परत गेली. बॅनर नाही, फोन नाही. तेव्हापासून रोज जाते. गोंदियाची ट्यूशन करून गाडीतून उतरते ती घरी येत नाही, सरळ तिकडे जाते. बारावी सायन्सचं वर्ष आहे, पप्पा. फिजिक्सच्या टेस्टमध्ये पहिल्यांदा नापास झाली. मी ओरडले तर म्हणते, “पप्पांनी सांगितलं तेच करून राहिली ना मी.”

एक काम करा. पुढच्या शनिवारी बोलाल तेव्हा सांगा, की ज्यांचं बोर्डाचं वर्ष आहे त्यांनी आधी अभ्यास करावा, देवालाही ते आवडतं. माझं ती ऐकत नाही. तुमचं ऐकते. का ऐकते हे मला कळत नाही, पण ऐकते.

प्रमिला

तिरोडा, ६ ऑक्टोबर

खुशबूच्या पप्पांना,

तुम्ही अभ्यासाबद्दल काही बोलला नाहीत. उलट काय बोललात, “थकू नका.” धन्यवाद.

थकणारे थकले. पिंटू केळीनंतर दिसलाच नाही. रुची एकदा खुशबूबरोबर गेली, आत पाऊल टाकलं, वास आला, बाहेर येऊन कुंपणाशी ओकली. तिच्या आईने मला फोन करून तासभर सुनावलं. “आमची मुलगी चर्चमध्ये गाणं म्हणायला येते, बहनजी, गू-मूत काढायला नाही.” मी तिला काय उत्तर देणार? माझ्या मनातलंच ती बोलत होती.

बंटी मात्र टिकला. त्याची मला आशा नव्हती. तो हापशीवरून पाणी आणतो, चूल पेटवून गरम करतो, दारात ठेवतो आणि पाठ करून बाहेर उभा राहतो. आतलं सगळं खुशबू करते.

माझ्या कपाटातल्या जुन्या सुती चादरी एकेक करून कमी व्हायला लागल्या तेव्हा मी शाळेतून परस्पर तिकडे गेले. ठरवूनच गेले, हाताला धरून घरी आणायची. आत गेले तर ती म्हातारीची कड पालटत होती. एकटी. सतरा वर्षांची पोरगी, दात-ओठ खात, आणि म्हातारी किंचाळत होती.

“हे कोण आली?” म्हातारी म्हणाली. “तुही माय काय वं? घेऊन जाय बाई हिले. दगडासारखे हात हायेत पोट्टीचे.”

“हळू करते, आजी.”

“हळू म्हणते अन् हाड मोडते!”

मी म्हटलं, “खुशबू, चल घरी.”

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, “मम्मी, ती बाजू धर.”

मी धरली. काय करणार होते? ती अर्धी वळवलेली होती, सोडली असती तर पुन्हा दुखलं असतं. म्हातारीच्या पाठीला जखम झाली आहे, पडून पडून. तिचं वर्णन मी करत नाही. तुम्ही सेवेवर इतकं बोललात, पण कधी पाठीच्या जखमेबद्दल बोलला नाहीत.

येताना रस्त्यात भांडलो. मी म्हटलं, “तुला डॉक्टर व्हायचं आहे ना? मग शीक. डॉक्टर हो. मग अशा शंभर जणींना बरं कर, कोण अडवतं?”

ती म्हणाली, “तोपर्यंत हिला कोण पाहील?”

अगदी तुमच्यासारखी मान वाकडी करून म्हणाली.  घरी येऊन स्वयंपाक तिलाच करायला लावला.

वडा-भात केला होता. कच्चा होता.

प्रमिला

तिरोडा, १० नोव्हेंबर

खुशबूच्या पप्पांना,

तुमचं पत्र मिळालं. लिहायला लागलात हे नवीन आहे. अर्धं पान, त्यात अर्धी प्रार्थना. ‘मला माझ्या मुलीचा अभिमान वाटतो,’ असं लिहिलंत. वाटेलच. लांबून अभिमान वाटणं सोपं असतं. धुणं इथे आहे. आणि खाली एक ओळ, ‘तिने त्या आजींना येशूची सुवार्ता सांगितली का?’ ती ओळ मी खुशबूला दाखवली नाही. का नाही ते पुढे वाचा.

बुधवारी संध्याकाळी मी वह्या तपासत बसले होते. दारात मनिराम आला. बरोबर दोन मुलं, ओळखीची नाहीत, एकाच्या हातात मोबाईल सुरू. मनिरामने चपलाही काढल्या नाहीत.

“म्याडम, तुमची पोरगी आमच्या बुढीले बाटवून राहिली. हे काही चालाचं नाही.”

मी म्हटलं, “कोण म्हणतं?”

“सारी गल्ली म्हणते. रोज रोज कायले येते मंग? फुकटात कोण करते एवढं?”

मोबाईलवाला म्हणाला, “बोलो बोलो, मॅडम, कितना मिलता है एक आदमी का?”

आतून खुशबू आली. “काका, मी तर तिचे कपडे बदलते फक्त. आजीला विचारा.”

“तू नको बोलू,” मनिराम म्हणाला. तिच्याकडे न बघता म्हणाला. मला तेव्हाच जरा विचित्र वाटलं. मग म्हणाला, “उद्यापासून पाय टाकाचा नाही. टाकला तर मी जबाबदार नाही.” आणि गेले.

मी दाराला आतून कडी घातली. 

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये बैठक. तुमचे कमिटीवाले शालीकरामभाऊ म्हणाले, “इथं आपली मूठभर घरं. व्हिडिओ कुठं जाईल सांगता येत नाही. ख्रिसमसपर्यंत सगळं बंद. मुलांनी आपापल्या घरी प्रार्थना करावी.”  सगळ्या आयांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. खोटं नाही लिहीत. भीती वाटली. या घरात पुरुष माणूस नाही, फक्त मी आणि एक मुलगी.

घरी येऊन सांगितलं, “बंद.” खुशबू ‘बरं’ म्हणाली. ओरडली असती तर परवडलं असतं. आता ट्यूशनला जाते, पुस्तक उघडून बसते, ताट घेऊन खोलीत जाते. माझ्याबरोबर जेवत नाही.

आणि काल शनिवार. तुमचा आवाज आला. छळ होणारच म्हणे. भिऊ नका म्हणे. छळात आनंद माना म्हणे.

टेकडीवर उभं राहून छळात आनंद मानता येतो हो. इथे माझ्या दारात मोबाईल सुरू करून उभे होते. ती मुलगी आहे. सतरा वर्षांची आहे. त्या ग्रुपमध्ये सगळी अशीच मुलं आहेत, कोणी तुमचं ऐकून उद्या काही करून बसलं तर?

ग्रुपची अॅडमिन तुमच्यानंतर मी आहे हे तुम्ही विसरलात. मी तुम्हाला काढून टाकलं आहे. नेटवर्कची अडचण नाही, उगाच टेकडी बदलू नका.

प्रमिला

तिरोडा, १ डिसेंबर

खुशबूच्या पप्पांना,

ग्रुपमधून काढलं म्हणून तुम्हाला वाईट वाटलं असं बंटीकडून कळलं. वाटू द्या.

आता जे झालं ते सांगते. तुमच्याशिवाय कोणाला सांगणार? शाळेत सांगितलं तर बायका म्हणतील, हिला काय सुचलं.

माझा शाळेचा रस्ता त्या गल्लीच्या तोंडावरून जातो. बैठकीनंतर मी दुसऱ्या बाजूने जायला लागले होते. परवा तिकडे सिमेंटच्या रस्त्याचं काम निघालं म्हणून गल्लीतून जावं लागलं. आणि म्हातारीचा आवाज आला. शिव्या नव्हत्या. ती नुसती हाका मारत होती, “कोणी हाय काय? कोणी हाय काय रे?” बाया नळावर पाणी भरत होत्या. सगळ्यांना ऐकू येत होतं. मलाही.

मी शाळेत गेले. दिवसभर शिकवलं. काय शिकवलं विचारू नका.

सुटल्यावर मनिरामच्या दारात जाऊन उभी राहिले. तो अंगणात धानाची पोती शिवत होता. त्याची बायको दिव्या मला पाहून आत पळाली.

मी म्हटलं, “मनिराम, तुझी काकू हाका मारून राहिली. ऐकू येत नाही काय?”

“येते.”

“मग?”

तो शिवत राहिला.

मी म्हटलं, “ठीक आहे. आम्ही बाटवतो म्हणतोस. आम्ही येत नाही. पण मग तू जा आत. कड पालट, पाठ धू, चादर काढ. नाहीतर त्या दोघा पोरांना बोलव, मोबाईल घेऊन आले होते ते. त्यांना म्हण धरा एक बाजू. मी इथं बसते अन् पाहते.”

तो एकदम उठला. वाटलं मारतो की काय. पण त्याचं तोंड रडवेलं झालं होतं.

“मले नाही जमत ते, म्याडम,” तो म्हणाला. “काकू होय ते माही. तिनं लहानपणी मले न्हाऊ घातलं. तिले तशी उघडी कशी पाहू मी? अन् दिव्याले म्हटलं तर तिले उलटी होते. दिवसभर धान कापते, संध्याकाळी जेवणच जात नाही मंग तिले.”

“मग पोरगी करत होती तर काऊन अडवली?”

“लोक काय म्हणत ते तुमाले नाही माहीत. म्हणे, घरच्यानं टाकली अन् इसायाच्या पोरीनं धुतली. पानठेल्यावर जाऊ का नाही मी? रोज ऐकाचं? ते पोट्टे आले, म्हणे चाल, आपण बंद करू हे. मी गेलो.”

मला इतका राग आला होता, पप्पा, की दिवसभर भाषण तयार केलं होतं. ते तिथेच विरघळलं. समोर एक माणूस पोतं शिवायचा दाभण हातात धरून रडत होता, त्याला काय भाषण देणार?

आतून म्हातारी ओरडली, “मन्या! कोण होय? मास्तरीण होय काय? तिच्या पोट्टीले पाठव म्हणा! दगडासारखे हात असले तरी हात तर हायेत!”

तेव्हा ठरलं. दिव्या रोज हजर राहील, दारात का होईना. उचलायच्या वेळी मनिराम डोळे मिटून खांदे धरेल. आमच्याकडून प्रार्थना नाही, फोटो नाही, देवाचं नाव नाही. मी त्याला तसा शब्द दिला. तुम्हाला पटणार नाही, पण तुम्ही इथे नव्हता आणि शब्द मी दिला आहे.

घरी येऊन खुशबूला सांगितलं, “उद्यापासून जा. पण सकाळची पाळी माझी, तू अभ्यास करायचा. संध्याकाळी अर्धा तास, त्याच्या वर नाही.” तिने ताट उचललं आणि माझ्याजवळ येऊन बसली.

शालीकरामभाऊ भेटले तेव्हा म्हणाले, “कमिटीनं बंद ठरवलं होतं, बहनजी.” मी म्हटलं, “मुलांचं ठरवलं होतं. माझं वय पन्नास आहे.”

मी जाते ती सेवा म्हणून नाही. पोरीचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून जाते. तुम्ही याची कुठे साक्ष वगैरे देऊ नका.

प्रमिला

तिरोडा, १९ जानेवारी २०२५

खुशबूच्या पप्पांना,

भागीरथाबाई गुरुवारी पहाटे गेली. झोपेतच. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी तिला पेज भरवली होती. मीठ कमी आहे म्हणून तिने वाटी ढकलली होती, म्हणजे मला काही अंदाज नव्हता.

मी शाळेला निघाले होते, तर मनिराम दारात. यावेळी चपला बाहेर काढल्या.

“पोरीले पाठवता काय, म्याडम? आंघोळ घालाची आहे.”

मला कळेना. घर बायकांनी भरलं असेल, दवनीवाड्याहून नणंदा-जावा आल्या असतील, आमचं काय काम?

तो म्हणाला, “बाया हात लावाले भेतात. जखम कुठं आहे, कसं धराचं, ते हिलेच माहीत. दिव्या म्हणे खुशबूले बोलवा.”

खुशबू आतून ऐकत होती. तिचा चेहरा पांढरा पडला. मेलेलं माणूस तिने जवळून कधी पाहिलेलं नाही. माझी आई गेली तेव्हा ती लहान होती, शेजारी ठेवली होती. ती म्हणाली, “मम्मी, मला नाही होणार.” मी म्हटलं, “नको जाऊ. सांगते मी त्याला.” तेवढ्यात ती म्हणाली, “तू येशील ना बरोबर?”

दोघी गेलो. आत गेल्यावर बायकांनी वाट दिली.  मी, खुशबू आणि दिव्या. दिव्याने पाणी घातलं, मी डोकं धरलं. सुरुवातीला खुशबूच्या हातून तांब्या खाटेच्या पायाला आपटला. मग जखम आली. तिथे तिचे हात थांबले, आणि मग अगदी हळू, जसं रोज करते तसं, कापडाने टिपून घेतलं. म्हणाली, “हळू करते, आजी.” सवयीने म्हणाली. दिव्या तिथेच मोठ्याने रडायला लागली.

पाणी, हळद, नवं लुगडं. आम्ही बाहेर आलो. पुढचं त्यांचं त्यांनी केलं. अंगणात बंटी आणि रुची लाकडं उचलू लागत होते. रुची कधी आली मला माहीत नाही. पिंटूही होता, कोपऱ्यात, रिकाम्या हाताने. त्याला मी पाण्याचं पिंप भरायला लावलं.

आज सकाळी शालीकरामभाऊंनी मला चर्चच्या पायरीवर गाठलं. “त्यांच्या विधीत आपण सामील व्हायला नको होतं, बहनजी.” मी म्हटलं, “आंघोळ होती, भाऊ. पाण्याला कोणता विधी?” ते दोन पायऱ्या उतरले. मग वळून म्हणाले, “मुलगी बरी आहे ना?” मी म्हटलं, “जेवत नाही नीट.” संध्याकाळी त्यांच्या बायकोने अनरसे पाठवले.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही डिसेंबरच्या पत्रातही तोच विचारलात आणि ख्रिसमसच्या कार्डावरही. म्हातारीला सुवार्ता सांगितली का? मी टाळत होते. आज दुपारी जेवताना विचारून टाकलं, तुमच्या वतीने.

खुशबू म्हणाली, “नाही. तू शब्द दिला होता ना मनिरामकाकाला.”

मी म्हटलं, “कधीच काही बोलली नाहीस?”

“तिनंच विचारलं होतं एकदा. मी कड पालटत होते तर म्हणे, कायले येतं वं तू माह्याकडं? काय भेटते तुले?”

“मग काय म्हणालीस?”

“म्हटलं, माझ्या पप्पांनी सांगितलं होतं.”

मी घास खाली ठेवला. ती पुढे सांगत होती. “तर म्हणे, कुठं हाय तुहा बाप? म्हटलं, दूर आहे. तर म्हणे, मंग तू येतं का नाही येतं, हे त्याले कसं मालूम? म्हटलं, त्यांना नाही मालूम.”

“मग ती काय म्हणाली?”

“काही नाही. म्हणे, दुसऱ्या कडेवर कर आता.”

एवढं सांगून ती वरणभात कालवायला लागली. मी उठून मोरीत गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

खरं सांगू? तिने येशूचं नाव घेतलं असतं तर मी काही म्हटलं नसतं. माझं घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं. चादरी मी धुतल्या, दारातली माणसं मी झेलली, सकाळच्या थंडीत पेज घेऊन मी गेले. तिने तुमचं घेतलं. दोन वर्षं झाली तुम्ही या घराच्या उंबऱ्यात पाय ठेवलेला नाही, आणि तिने तुमचं घेतलं.

हे तुम्हाला कळवायचं माझ्या मनात नव्हतं. पत्र इथपर्यंत लिहून एकदा घडी करूनही ठेवलं होतं. पण आता कळवते, कारण आता तरी तुम्हाला मालूम असायला हवं.

बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते. त्याच्या आधी या. रायपूरला गाडी बदला, तिरोड्याला सकाळची पॅसेंजर थांबते. मला शाळा असते, मी स्टेशनवर येणार नाही. खुशबूला पाठवीन.

प्रमिला